पहिली दहा मिनिटे: आणीबाणीचे आणि संसर्गजन्य आजारांचे रुग्ण जागेवर कसे ओळखायचे

'चक्कर येऊन पडले', 'फिट आली', 'ताप डोक्यात गेला', 'दम लागलाय' अशा शब्दांत फोन येतो. आजाराचे नाव कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी ते बरोबर असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. तिच्यावरचे डॉक्टर आणि पायलट (रुग्णवाहिकेचे चालक), अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, आपदा मित्र (आपत्तीत मदतीचे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक), आशाताई यांच्यापैकी कोणीतरी रुग्णापर्यंत सगळ्यांत आधी पोचते. नेमके निदान हे त्यांचे काम नाही. जीव कशाने जाऊ शकतो, हा आजार आपल्याला किंवा पुढच्या रुग्णाला लागू शकतो का, आणि कोणत्या दवाखान्यात न्यायचे, एवढे तीन निर्णय त्यांना घ्यायचे असतात. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे. औषधांचे डोस प्रशिक्षण आणि अधिकार असलेल्यांसाठी आहेत.

आत शिरण्यापूर्वी

दारातच थांबून नाक, डोळे आणि कान वापरा. कीटकनाशकाचा उग्र वास, उलटीने भरलेले कपडे, औषधांची रिकामी पाकिटे, जमिनीवरचे अंथरूण या सगळ्याचा पुढे उपयोग होतो. सेप्टिक टँक, मॅनहोल किंवा जुन्या विहिरीत माणूस पडला असेल तर श्वासाचे उपकरण आणि दोर नसताना कोणीही उतरायचे नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसरा, मग तिसरा असे लागोपाठ जातात. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असताना कोणी बेशुद्ध सापडले तर कार्बन मोनॉक्साइडच गृहीत धरा: दारे-खिडक्या उघडा, रुग्णाला बाहेर काढा, पूर्ण प्रवाहाने ऑक्सिजन लावा. अशा रुग्णाच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तो आकडा खोटा असतो, कारण हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक यंत्राला कळत नाही.

हातमोजे प्रत्येक वेळी घालायचे. मास्कचा निर्णय नातेवाइकांना दारातच तीन प्रश्न विचारून करा: ताप आहे का, खोकला किती दिवसांपासून आहे, अंगावर पुरळ आलंय का? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, किंवा ताप आणि पुरळ दोन्ही असतील तर तुम्ही एन-९५ घाला आणि रुग्णाला साधा सर्जिकल मास्क द्या. एन-९५ रुग्णाला लावू नका, आधीच दम लागलेल्या माणसाला त्यातून श्वास ओढणे जड जाते. दाढी असेल तर तुमचा एन-९५ चेहऱ्याला नीट बसत नाही आणि कडेने हवा आत येते. मास्क घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. कडेने हवा लागली तर पट्ट्या पुन्हा बसवा.

पहिली दोन मिनिटे

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर छातीची हालचाल आणि मानेतली नाडी एकाच वेळी पाहा, जास्तीत जास्त १० सेकंद. सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे माणूस मधूनमधून तोंड उघडून हवा ओढल्यासारखे करतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. लोक म्हणतात, 'श्वास चालू आहे.' तो श्वास नव्हे. माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरेसे आहे. सीपीआर सुरू करा. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ३० दाबांनंतर ॲम्बू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) २ श्वास. दर २ मिनिटांनी दाबणारा बदला, कारण दमलेल्या माणसाचे दाब उथळ होतात आणि त्याला स्वतःला ते जाणवत नाही. पलंगाची गादी दाब खाऊन टाकते, म्हणून रुग्णाला जमिनीवर घ्या. हृदय बंद पडण्याच्या क्षणी थोडी झटक्यासारखी हालचाल होते, तिला फिट समजून कांदा हुंगवण्यात वेळ जातो.

नाडी आणि श्वास असतील तर सहा आकडे घ्या: श्वासाची गती, ऑक्सिजन, नाडी, बीपी, शुगर, ताप. श्वास मोजताना रुग्णाला कळू देऊ नका, नाडी बघत असल्यासारखा मनगटावर हात ठेवून ३० सेकंद छाती पाहा आणि दुप्पट करा. प्रौढाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. सगळ्यांत आधी बिघडणारा आकडा हाच, आणि सगळ्यांत जास्त वेळा न मोजता '१८' लिहिला जाणाराही हाच. लहान मुलांत दोन महिन्यांखाली ६०, दोन ते अकरा महिने ५०, एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून जास्त गती असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्या. सोबत छाती खाली खेचली जात असेल तर थांबू नका.

ऑक्सिमीटर लावताना गार बोटे, गडद नेलपॉलिश आणि मेंदी यांकडे लक्ष द्या. यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेकांना ९४ च्या वर ठेवायचे. जुन्या सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेला फुप्फुसाचा आजार) रुग्णाला ८८ ते ९२ पुरतो, त्याच्या बाबतीत १०० गाठण्याचा हट्ट धरला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून तो गुंगीत जाऊ शकतो.

शुगर वागण्यात किंवा शुद्धीत बदल असलेल्या प्रत्येकाची तपासा, मग तो दारू प्यायलेला वाटो, लकवा झालेला वाटो की फिटचा. तपासण्यापूर्वी बोट पाण्याने धुऊन कोरडे करा. घरच्यांनी साखर भरवलेली असते, रुग्णाच्या हाताला ती चिकटलेली असते, आणि ४० ची शुगर २०० दिसते. ७० च्या खाली कमी, ५४ च्या खाली धोका. शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नका, शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचे द्रावण) द्या. रुग्ण उठून बसला की घरचे 'आता नको, बरे आहेत' म्हणतात. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची गोळी घेणाऱ्याची शुगर काही तासांनी पुन्हा घसरते, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. त्याला घरी सोडून येऊ नका.

छाती आणि मेंदू

हार्ट अटॅक ओळखताना 'छातीत डाव्या बाजूला दुखतं का?' एवढाच प्रश्न विचारला तर निम्मे हातचे जातील. दाब, जडपणा, जबडा किंवा दोन्ही खांदे भरून येणे, गार घाम, मळमळ याही तक्रारी असतात. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात दुखणे नसतेच असेही होते, फक्त एकाएकी दम किंवा कमालीचा थकवा. 'ॲसिडिटी आहे' म्हणणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाला घाम फुटलेला असेल तर ईसीजी होईपर्यंत तो अटॅकच. पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढा. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) बीपी बघितल्याशिवाय देऊ नका. वरचे बीपी ९० च्या खाली असेल किंवा गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतले असेल तर ती गोळी जीवघेणी ठरू शकते. रुग्णाला जिना चालत उतरू देऊ नका.

लकव्यासाठी तीन गोष्टी करून घ्या: 'आजी, दात दाखवा बघू', 'दोन्ही हात पुढे धरा, डोळे मिटा', 'आज कोणता वार आहे ते सांगा'. चेहरा एकीकडे ओढला, एक हात खाली गेला किंवा बोबडी वळली, तर घड्याळ सुरू झाले. शेवटचे ठणठणीत कधी पाहिले, ही वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठल्यावर दिसले असेल तर झोपायला गेल्याची वेळ धरायची. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी असलेल्याच दवाखान्यात न्या आणि वाटेतून फोन करा. बीपी १८० दिसले म्हणून जिभेखाली गोळी फोडू नका, अर्धवट रक्त मिळणाऱ्या मेंदूला तो दाब हवा असतो.

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा मधे शुद्धीवर न येता दुसरी आली, तर औषध लागते. स्नायूत मिडाझोलाम (फिट थांबवणारे इंजेक्शन), ४० किलोच्या वर १० मिग्रॅ. तोवर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, दातांत चमचा घालू नका. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला फिट आली तर ती एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीमुळे येणारी फिट) समजा: डाव्या कुशीवर वळवा, बीपी मोजा, आणि त्यावरचे औषध मॅग्नेशियम सल्फेट मिळेल तिथे थेट न्या.

शेत, रान आणि ऊन

सापाच्या बाबतीत सगळ्यांत फसवी मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, दुखणे नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरतो. घरचे म्हणतात जेवण बाधले. मग पापण्या जड होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या असतील, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मण्यारीचा दंश. नागाच्या दंशात पापण्या मिटतात आणि सूजही येते. घोणस आणि फुरसे यांच्या दंशात वेदना, वाढती सूज, हिरड्यांतून रक्त, लघवी लाल.

काय करायचे ते थोडके आहे. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा. हात-पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. चालवू नका. कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे नको. आधीच कोणी दोरी आवळलेली असेल तर वाटेत एकदम सोडू नका, अडकलेले विष एकाच वेळी पसरते. प्रतिविष तयार असलेल्या डॉक्टरसमोरच ती सुटू द्या. साप मारून आणायची गरज नाही, इथले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकत्रच चालते. पहिला डोस साधारण ८ ते १० कुप्या, आणि मुलालाही तितकाच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. श्वास थकला तर ॲम्बू बॅग चालू ठेवा. मण्यारीच्या दंशात बाहुल्या मोठ्या होऊन स्थिरावतात आणि माणूस गेला असे वाटते, पण आत पूर्ण शुद्ध असू शकते. नाडी आहे तोवर बॅग सोडू नका. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी प्राथमिक केंद्रातही होते: २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवा; गोठले नाही तर विष रक्तावर चढले आहे. साबणाने धुतलेली नळी वापरली तर चांगले रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

कोकणातल्या लाल विंचवाचा दंश वेगळा. नुसते दुखत असेल तर धोका कमी. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय आणि नंतर दम किंवा गुलाबी फेस दिसला तर हृदयावर विष चढले आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यावर या दंशाचे मृत्यू कमी झाले. हे औषध असलेले जवळचे केंद्र कोणते, हे आधीच माहीत असायला हवे.

कीटकनाशकाची विषबाधा प्यायल्यानेच होते असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाची खूण म्हणजे सगळीकडून पाणी: डोळे, लाळ, घाम, जुलाब, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी बहुधा मंद. आधी कपडे काढा, ते बाहेर पिशवीत बांधा, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवा. तुमचे हातमोजे नायट्राइलचे हवेत, पातळ लॅटेक्समधून कीटकनाशक आत झिरपते. उलटी करवू नका. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन, प्रौढाला १.८ ते ३ मिग्रॅ शिरेतून, दर ५ मिनिटांनी दुप्पट. कधी थांबायचे ते बाहुलीवर ठरवू नका. छातीतली घरघर जाणे, नाडी ८० च्या वर आणि वरचे बीपी ८० च्या वर, हे ध्येय.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये अंग भाजते आणि माणूस असंबद्ध बोलतो किंवा बेशुद्ध आहे, तर तो उष्माघात. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर असतो. घाम असला तरी उष्माघात नाकारू नका, उन्हात राबणाऱ्यांना तो असतोच. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही. सावली, कपडे मोकळे, अंगभर पाणी आणि पंखा, मान-काख-जांघेत बर्फ. गार करायला जागेवरच सुरुवात करा आणि गाडीतही चालू ठेवा. ३९ च्या खाली आल्यावर थांबवा.

तापाचे रुग्ण

पावसाळ्यात ताप म्हटले की सगळे डेंग्यूच म्हणतात. डेंग्यूचा धोका ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. 'कालपासून ताप नाही, पण पोटात फार दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नुसता पडून आहे' हे वाक्य ऐकले की रुग्णाला गाडीत घ्या. वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला, उदाहरणार्थ १००/८४, तर शॉक सुरू झाला आहे, वरचा आकडा चांगला दिसला तरी. ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) विचारपूस पायापासून करा: गेल्या महिन्यात पुराच्या पाण्यातून, भाताच्या खाचरातून चाललात का? मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली होती. पोटऱ्या दाबल्यावर कळवळणे, चिपडे नसलेले लाल डोळे, कावीळ, लघवी कमी. खोकल्यातून रक्त आले तर फुप्फुसात रक्तस्राव आहे, व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठा. तो माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही.

ताप पाच-सहा दिवस उतरत नाही आणि रुग्ण गवत-झुडपांत काम करणारा आहे, तर काख, जांघ, कमरपट्टा, स्तनांखाली विडीने भाजल्यासारखी काळी खपली शोधा. ती स्क्रब टायफसची (झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) खूण. दुखत नसल्याने रुग्ण ती सांगत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग पट्ट्यात हिवाळा-उन्हाळ्यात ताप आला तर काजूच्या बागेत जाणे, गोचीड चावणे, आसपास मेलेली माकडे यांची चौकशी करा. माकडताप तिथे २०१६ पासून आढळतो.

जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शंका घ्यायला तीन खुणा: श्वास २२ किंवा जास्त, वरचे बीपी १०० किंवा कमी, शुद्धीत बदल. संसर्गाच्या रुग्णात यातल्या दोन दिसल्या तर धोका मोठा. म्हाताऱ्यांना ताप येतोच असे नाही, अंग गारही असते. अशा वेळी 'कालपासून ओळखत नाहीत' ही सुनेची तक्रार थर्मामीटरपेक्षा खरी माना.

तुम्हाला लागू शकणारे

हवेतून पसरणारे मुख्य दोन. क्षयरोग: दोन आठवड्यांचा खोकला, घटलेले वजन, रात्रीचा घाम. गोवर: ताप, लाल डोळे, वाहते नाक, कानामागून खाली उतरणारे पुरळ. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली होती. गाडीच्या खिडक्या उघडा, एसीची आतली हवा फिरवणे बंद करा. गोवराच्या दोन लसी झाल्या आहेत का हे कर्मचाऱ्याने आपल्या कागदपत्रांत आजच पाहावे.

ताप, मान आखडलेली आणि काचेच्या पेल्याने दाबले तरी न पुसले जाणारे जांभळे ठिपके दिसले तर मेनिंगोकोकस (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंतू). मास्क आणि वेग दोन्ही हवेत. तोंडाजवळ काम केलेल्याने प्रतिबंधक औषधाबद्दल त्याच दिवशी डॉक्टरला विचारावे. बैलासारखी सुजलेली मान आणि घशात राखाडी पडदा म्हणजे घटसर्प. पडदा खरवडू नका, रक्त येऊन श्वासमार्ग बंद होतो.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, आत गेलेले डोळे, चिमटीत धरलेली कातडी दोन सेकंदांहून जास्त उभी: कॉलरा समजून चाला. गिळू शकत असेल तर ओआरएस ताबडतोब. नाडी लागत नसेल तर शिरेतून रिंगर लॅक्टेटचे सलाईन, एक वर्षावरच्यांना पहिल्या ३० मिनिटांत किलोमागे ३० मिली, पुढच्या अडीच तासांत ७० मिली. जुलाब बरे झाल्यावर आठवडा-पंधरवड्यात पायांपासून वर चढणारी कमजोरी आली तर गुलियन बॅरे (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते असा आजार). पुण्यात सिंहगड रस्ता भागात जानेवारी २०२५ मध्ये त्याचे रुग्ण एकाएकी वाढले होते. एका श्वासात आकडे मोजायला सांगा. पंधराच्या आत अडकला तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. ऑक्सिमीटरचा आकडा तेव्हाही चांगला असतो.

कुत्रा चावलेल्याची जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, हळद, चुना, टाके नको. रक्त आलेली जखम असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडींचे इंजेक्शन) लागते, ते कुठे मिळते हे माहीत ठेवा.

उतरवल्यानंतर

दवाखान्यात सांगताना आजाराचे नाव शेवटी घ्या. आधी वेळ, सहा आकडे, काय दिले, काय बदलले, आणि संसर्गाची शंका. ही शंका दारात पोचल्यावर नव्हे, वाटेतून फोनवर कळवा, म्हणजे रुग्ण गर्दीच्या कॅज्युअल्टीत तासभर बसणार नाही.

हातमोजे काढा, हात धुवा, मग गाऊन, मग चष्मा, पुन्हा हात; मास्क सगळ्यांत शेवटी, बाहेर आल्यावर, मागच्या पट्ट्यांनी. लागण बहुधा इथे होते, रुग्णाजवळ नव्हे, कारण थकलेला माणूस मळक्या हातमोजांनी नाक खाजवतो. सांडलेल्या रक्तावर कागद किंवा कापड टाका, १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचे द्रावण) ओता, १० मिनिटे थांबा, मग पुसा. ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी. ते रोज ताजे करा, उन्हात ठेवलेल्याची ताकद जाते. स्ट्रेचरचे हात, ऑक्सिमीटरची चिमटी, बीपीचा पट्टा आणि पायलटच्या बाजूचे दार हे विसरले जातात.

सुई टोचली तर बोट पिळू नका, चोखू नका, साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात रक्त उडाले तर स्वच्छ पाण्याने धुवत राहा. लस न घेतलेल्याला टोचलेल्या सुईतून हेपॅटायटिस बी लागण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे, म्हणून लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस पूर्ण करून अँटिबॉडी तपासून ठेवा. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करायचे आणि २८ दिवस घ्यायचे असते. शिफ्ट संपायची वाट पाहू नका, कळवा आणि त्याच रुग्णालयात पहिला डोस घ्या.